मोठ्या अक्षरांचं मराठी पवित्र शास्त्र : विश्वास डळमळलेल्या आईबापाला कितपत कामाचं?

मिरज हे दवाखान्यांचं गाव. विल्यम वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल 1894 मध्ये इथं सुरू झालं, तेव्हापासून आजारी लेकरू घेऊन आलेले आईबाप इथल्या बाकांवर बसत आलेत. घर ख्रिस्ती असेल तर पिशवीत थर्मास, रिपोर्टची फाईल आणि तळाला पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल. ते बाहेर निघतंच असं नाही. 'इतकी प्रार्थना केली, काय झालं?' हे एकदा मनात शिरलं की हात तिकडे जात नाही. कागद-बांधणीबद्दल खाली लिहिलंच आहे, पण जास्त भर अशा आईला किंवा बापाला हे पुस्तक कसं वापरता येतं, यावर आहे.

आधी वस्तू. मोठ्या अक्षरांची प्रत घ्या, चष्मा नसला तरी. झिरोच्या बल्बखाली बारीक टाइपातली जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात आणि दमलेला माणूस दोन ओळींत पुस्तक मिटतो. दुकानात पहिलं पान बघून ठरवू नका. प्रत मधोमध उघडा, टेबलावर ठेवा, हात सोडा. शिवलेली बांधणी सपाट पडते. नुसत्या गोंदावरची प्रत कण्यापाशी ताठ राहते आणि हळूहळू मिटते. स्तोत्रसंहिता, म्हणजे प्रार्थनागीतांचा भाग, पुस्तकाच्या साधारण मध्यावर येते, सगळ्यात जास्त तीच उघडली जाते, त्यामुळे पानं सुटायला सुरुवातही तिथूनच होते. चेनचं कव्हर एसटीच्या प्रवासाला बरं, उशाशी नको. मध्यरात्री त्या चेनच्या आवाजानं मोठ्या मुश्किलीनं झोपलेलं पोर उठतं. कागद पातळ असतो, जेल पेन मागच्या पानावर उतरतं. साधी शिसपेन्सिल वापरा, टोक थोडं बोथट करून.

भाषांतर कोणतं? मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेला बहुधा आर. व्ही. (रिव्हाइज्ड व्हर्जन) वाचतात. तिची भाषा जुनी, वाक्यं लांब. सी. एल. (कॉमन लँग्वेज) आणि समकालीन आवृत्ती सोप्या आहेत. प्रेषित पौलाची पत्रं आर. व्ही.त अडत असतील तर यांतून वाचा, अर्थ लगेच लागतो. पण प्रार्थनेसाठी आमचं मत जुन्याच बाजूनं. शब्बाथ शाळेपासून कानावर पडलेली ओळ डोकं चालत नसतानाही तोंडात येते, नवी ओळ येत नाही. रोमन कॅथलिक घरांत 73 पुस्तकांची प्रत असते, प्रॉटेस्टंट प्रतीत 66. इथं सांगितलेले उतारे दोन्हींत आहेत.

पंडिता रमाबाईंचं भाषांतर रोजच्या वापराला कठीण जाईल, तरी इथं त्याचा उल्लेख हवा. त्यांनी ते मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलं. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक लेक मनोरमा गेली, एप्रिल 1922 मध्ये त्या स्वतः गेल्या आणि 1924 मध्ये ते छापून आलं. मराठी शास्त्राच्या एका आवृत्तीमागे लेक गमावलेली आई आहे. दुःख झालं म्हणून विश्वास कच्चा, असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे सांगायला हरकत नाही.

आता वापर. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरुवात करू नका. निर्गम ओलांडून लेवीयाच्या अर्पणविधींत पोचलात की गाडी रुतते. डोळे मिटून बोट ठेवून वचन काढणं तर अगदीच नको, एखाद्या रात्री बोट शापावर पडतं. स्तोत्र 13 घ्या. सहाच ओव्या (वचनं) आहेत. पहिल्या दोन ओव्यांत 'कुठवर' हा प्रश्न चार वेळा येतो. त्या मोठ्यानं वाचा, चारही वेळा थांबा, आणि तिथं आपल्या मुलाचं नाव घ्या. तिसरी-चौथी ओवी मागणीची. तिथं एकच गोष्ट मागा, उद्याची: ताप उतरू दे, परीक्षेला बसू दे, घरी फोन करू दे. पाचवी-सहावी भरवशाची आहे. ती तोंडातून निघत नसेल तर तिथंच थांबा आणि कडेला पेन्सिलीनं तारीख टाका. ओढून-ताणून म्हणू नका. खोटं बोलतोय असं वाटायला लागतं आणि तिसऱ्या दिवशी प्रार्थना बंद पडते. पुढच्या आठवड्यात कुठवर मजल गेली, ते तारखांवरून दिसतं. शेवटी 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रभूची प्रार्थना, सावकाश. दहा मिनिटांच्या आत होतं.

ज्या दिवशी तेवढंही जमत नाही, त्या दिवशी स्तोत्र 88. सगळ्या स्तोत्रांत हे सगळ्यात काळोखं. शेवटच्या ओवीतही उजेड नाही. तरीही ते शास्त्रात ठेवलंय. स्तोत्र 131 अवघ्या तीन ओव्यांचं, त्यात दूध तुटलेलं मूल आईजवळ निवांत आहे. रात्री उठून बाळाला घेणाऱ्या आईला हे पुरतं. गाण्याची सवय असेल तर वाचनाऐवजी भजन चालेल. साताऱ्यात 1917 मध्ये 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची संगत मांडणाऱ्या कवी नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला आई म्हणून आळवलंय, आणि शब्द अडतात तिथं चाल पुढे नेते.

या सगळ्यात आईबापाचा खरा उतारा म्हणजे मार्कच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय (मार्क 9), ओव्या 14 ते 29. बाप लहानपणापासून आजारी असलेला मुलगा घेऊन येतो, शिष्यांना काही जमत नाही, ते शास्त्र्यांशी वाद घालत बसलेले असतात. बाप येशूला म्हणतो, काही होत असेल तर करा. मग चोविसाव्या ओवीत एकाच दमात म्हणतो की विश्वास आहे, आणि अविश्वास घालवायला मदतही करा. येशू त्याला परत पाठवत नाही. आधी विश्वास घट्ट करून ये, असंही म्हणत नाही. ही एक ओवी लिफ्टमध्ये, डॉक्टरच्या दारात, कुठंही म्हणता येते.

याच उताऱ्याच्या शेवटच्या ओवीवरून एक घोटाळा होतो. काही प्रतींत तिथं प्रार्थनेबरोबर 'उपास' हा शब्द आहे. फार जुन्या काही हस्तलिखितांत तो नाही. त्याच्या जोरावर कुणी मधुमेही बापाला किंवा अंगावर पाजणाऱ्या आईला उपास धरायला सांगत असेल तर ऐकू नका. 1 राजे या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली झोपतो, तेव्हा दूत त्याला दोनदा उठवून खायला घालतो: भाकर आणि पाणी. प्रश्न विचारणं पुढे, डोंगरावर. भाकरी खा, झोपा, मग स्तोत्र उघडा.

दुसरा घोटाळा कॅलेंडरवरच्या वचनांचा. ईयोब 8:7, सुरुवात लहान असली तरी शेवट मोठा होईल, हे घराघरांत फ्रेम करून लावलेलं दिसतं. ते बोलतो बिल्दद, ईयोबाचा मित्र. त्याच्या तीनच ओव्या आधी, सात मुलगे आणि तीन मुली गमावलेल्या ईयोबाला तो सांगतो की पोरांनी पाप केलं असेल, म्हणून भोगलं. आणि 42:7 मध्ये देव स्वतः म्हणतो, हे मित्र माझ्याविषयी नीट बोलले नाहीत. म्हणून सुटं वचन हाती आलं की बोलणारा कोण, ते आधी पाहा. नीतिसूत्रे 22:6 चंही तसंच: मुलाला योग्य वळण लावा, ही शहाणपणाची म्हण आहे. पोरगं मंडळीत यायचं थांबलं म्हणून ती ओवी आईच्या तोंडावर मारू नये.

मोबाईलवरचं फुकट बायबल ॲप छापील प्रतीला चांगली जोड आहे. एका हातात बाळ असताना अंधारातही वाचता येतं, भाषांतरं शेजारी लावून बघता येतात. अडचण सलग दिवस मोजण्याची. एक दिवस चुकला की मोजणी शून्यावर येते, आणि आधीच अपराधी वाटणाऱ्या माणसाला तेवढंच निमित्त पुरतं. सेटिंगमध्ये जाऊन त्याच्या सूचना बंद करा. प्रार्थनेच्या व्हॉट्सॲप गटावर मुलाचं नाव आणि आजार एकत्र लिहू नका, ते तासाभरात चार गावांत फिरतं. 'एका लेकरासाठी' एवढं पुरे. बाकीचं पाळकसाहेबांना किंवा पाळकबाईंना समोर बसून सांगा. दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही किंवा जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतंय, तर स्तोत्रासोबत डॉक्टरही हवाच. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक मोफत आहे.

एकूण, प्रत घ्यावी. भेट द्यायची असेल तर कोरी देऊ नका. स्तोत्र 13 च्या पानात फीत घालून द्या. फीत बहुधा एकच असते. मार्क 9 साठी केसपेपरची घडी चालते.