काडतुसांच्या जुन्या डब्यात बियाणं: दुसऱ्या पावसाळ्यानंतरचा अनुभव

लष्कराच्या लिलावातून निघालेले काडतुसांचे लोखंडी डबे मी छत्रपती संभाजीनगरच्या एका भंगारवाल्याकडून घेतले, त्याला आता दुसरा पावसाळा सरला. रायफलीच्या 7.62 मिलिमीटर काडतुसांचे हे डबे आहेत. गर्द हिरवा रंग, त्यावर पिवळी अक्षरं, वर घडीची मूठ. लांबी फूटभर, रुंदी अर्धा फूट, रिकाम्याचं वजन दोन-अडीच किलो. आमचं गाव सेलू तालुक्यात, काळ्या जमिनीचं. घरचं बियाणं पुढच्या पेरणीपर्यंत चांगलं राहावं एवढ्यासाठीच मी ते घेतले. ते काम डब्यांनी केलं. सगळ्यांनी सारखं केलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

डब्यात मोल आहे ते झाकणाच्या आतल्या रबरी पॅकिंगचं. कडी ओढून खाली दाबली की झाकण त्या रबरावर आवळून बसतं, आणि चांगल्या डब्याची कडी बंद करताना हाताला जोर लावावा लागतो. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले माझे मामा खरेदीला सोबत होते. मी रंग आणि गंज बघत होतो, तर म्हणाले, “अरे, रंग काय बघतोस? आधी रबर बघ. दारूला दमट हवा लागू नये म्हणून तर सरकारनं हा डबा केला.” त्यांनी वहीच्या कागदाची पट्टी डब्याची कड आणि रबर यांच्यामध्ये धरून झाकण लावलं आणि पट्टी ओढून बघितली. चारही बाजूंनी ती घट्ट अडकली तरच डबा बाजूला काढायचा. घरी आल्यावर प्रत्येक डबा हौदात दाबून धरला. ज्याच्या कोपऱ्यातून बुडबुडे आले त्यात आता पाने आणि नटबोल्ट असतात.

तुरीचा अनुभव सगळ्यात चांगला. आमच्याकडे बदनापूरची बीडीएन-711 आहे, पांढरी आणि लवकर येणारी. एका डब्यात साडेपाच किलोच्या आसपास तूर बसते, म्हणजे रुंद अंतरावर टोकली तर एकराचं बियाणं एका डब्यात. तुरीला खरा धोका भुंगेऱ्याचा. तो शेतातच शेंगेवर अंडी घालतो आणि दाण्याबरोबर घरात येतो. पोत्यातल्या तुरीला उन्हाळा संपेपर्यंत भोकं पडलेली असायची. डब्यातल्या तुरीत जे मोजके भुंगेरे निघाले ते मेलेले होते. डबा काठोकाठ भरला की आत हवा थोडीच उरते, ती किडा संपवतो आणि पुढे त्याची वाढ थांबते. आपल्याकडे ज्वारीचं पेव, म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार, ह्याच तत्त्वावर टिकायचं. पेव उघडलं की जुनी माणसं आधी कंदील खाली सोडायची, तो विझला तर कुणाला उतरू द्यायची नाहीत. अर्धा भरलेला डबा म्हणून उपयोगाचा नाही. बी कमी असेल तर लहान डबा घ्यावा.

पेरणीआधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण बघितली. डब्यातली तूर ऐंशीच्या वर उगवली. त्याच खळ्यातली पोत्यातली तूर पंच्याहत्तरलाही पोचली नाही, आणि प्रमाणित बियाण्याला किमान पंच्याहत्तर टक्के लागतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा डबा ओल बाहेर ठेवतो, तशीच आतली ओल आतच कोंडतो. शेजारच्या भावकीतल्या एकांनी भेंडीचं बी वरवर वाळवून माझ्याकडूनच नेलेल्या डब्यात भरलं, आणि दोन महिन्यांत त्याला बुरशीचा वास सुटला. बीजप्रमाणीकरणाच्या नियमातच हा फरक धरलेला आहे. साध्या पिशवीत तुरीला 9 टक्के ओलावा चालतो, हवाबंद डब्यात 8 च. कांद्याच्या बियाला साध्या पिशवीत 8, हवाबंदात 6. सोयाबीनचा फरक तर फारच मोठा आहे, 12 आणि 7. तेव्हा उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत सावलीला नीट वाळवून, कृषी विज्ञान केंद्रात ओलावा मोजून घेऊन मगच भरा. जून लागला, आभाळ आलं की भरू नका. मी प्रत्येक डब्यात सिलिका जेलची कापडी पुरचुंडी ठेवतो. निळे खडे गुलाबी झाले की बदलतो. ते परत तापवायचे तर स्वयंपाकाच्या तव्यावर कधीही नको, त्या निळ्या रंगात विषारी कोबाल्ट असतो.

सोयाबीनसाठी मात्र हे डबे घेऊ नका. एकरी तीस किलो बी लागतं, ते किती डब्यांत भरणार? कांदा, भाजीपाला, तूर आणि घरच्या मालदांडी ज्वारीची निवडलेली कणसं, एवढ्यालाच हे परवडतं. कांद्याचं बी वर्षभरात दम सोडतं, त्यामुळे फायदा तिथे लगेच दिसतो.

ठेवायची जागाही बघावी लागते. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात हे लोखंड हात लावू देत नाही, आत बी भाजून निघेल. आमचं जुनं माळवदाचं घर अजून उभं आहे. त्याच्या आतल्या खोलीत जाड मातीच्या भिंतींमुळे थंडावा असतो, डबे तिथे लाकडी फळीवर ठेवतो. शहाबादीवर थेट ठेवलेल्या डब्याच्या बुडाला एका पावसाळ्यात गंज धरला. उंदीर-घुशींचा प्रश्न मात्र कायमचा मिटला, आणि आमच्या आईला ह्याचंच सगळ्यात समाधान आहे.

पॅकिंगला व्हॅसलिन किंवा ग्रीस लावू नका, नैसर्गिक रबर त्यानं फुगतं. सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात पुरे. एका डब्यात खाकी कापडी पट्टाही निघाला, पाच खिशांचा. .303 ची दहा-दहा काडतुसं एकेका खिशात बसायची. त्यात आता कलमाचा चाकू, सुतळी आणि खुणेच्या पट्ट्या असतात. शेतात खांद्यावर टाकून न्यायला फार सोयीचा आहे.

घेताना दोन गोष्टी पाळा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि कुणी वापरलेल्या पुंगळ्या (काडतुसांची रिकामी नळकांडी) आत ठेवल्या असतील तर त्यांचाही अंश राहतो. म्हणून डबा साबणाने धुवा, रंग कोरडा घासू नका, खाण्याचं धान्य त्यात ठेवू नका. भंगारवाला पितळी पुंगळ्या किंवा गोळ्या “स्वस्तात देतो” म्हणाला तर स्पष्ट नाही म्हणा. काडतुसांना शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. डब्याच्या तळाशी एखादं जिवंत काडतूस दिसलंच तर त्याला हात न लावता पोलीस ठाण्यात कळवा, आणि डब्यांची लिलावाची पावती मागून घ्या.