मोठ्या जातीचं पिल्लू: चिकन-भात, तयार खाणं की कॅल्शियमची बाटली?

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत, लिफ्टमध्ये एक तीन महिन्यांचं लॅब्रडॉर भेटलं. पुढचे पाय मनगटात वाकलेले, पंजे फाकलेले. "मुडदूस म्हणतात. बाटली चालू केलीय, आणि रोज उपवन तलावावर उन्हात नेते," ताई म्हणाल्या. फिरणं चांगलंच, पण कुत्र्याच्या कातडीत उन्हाने ड जीवनसत्त्व जवळजवळ तयार होत नाही, ते पोटातूनच जावं लागतं. म्हणजे प्रश्न उरतो ताटलीचा.

घरचा चिकन-भात ताजा, स्वस्त, आणि पिल्लू ताटली चाटूनपुसून साफ करतं. पण अर्धा किलो बोनलेस चिकनमध्ये कॅल्शियम शंभर मिलिग्रॅमही नसतं, फॉस्फरस मात्र त्याच्या दहापटीच्या आसपास. वाढत्या लॅबला दिवसाला काही ग्रॅम कॅल्शियम लागतं. ते मिळालं नाही की शरीर हाडांतूनच ओढून घेतं. मग सोफ्यावरून मारलेल्या साध्या उडीतही पाय मोडतो. वाटीभर दह्याने हे भरून निघत नाही. घरचंच द्यायचं असेल तर कॅल्शियम लागणारच, पण व्हेटकडून ग्रॅममध्ये मोजून घेतलेलं. "दोन चमचे" हे माप नव्हे.

'लार्ज ब्रीड पपी' लिहिलेलं ड्राय फूड खिशाला चावतं, पण त्यात हा हिशेब आधीच केलेला असतो. अमेरिकी मानकात अशा खाण्यात, पाण्याचा अंश वगळून, कॅल्शियम जास्तीत जास्त १.८ टक्के चालतं. दुकानात गोणीतून किलोवर मिळणारं सुटं खाणं मी घेणार नाही. लेबलच नाही तर वाचणार काय?

सगळ्यात वाईट जोडी म्हणजे हे तयार खाणं आणि वर बाटली. साधारण सहा महिन्यांपर्यंत पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम नीट अडवता येत नाही. नेदरलँड्समध्ये ग्रेट डेनच्या पिल्लांना तिप्पट कॅल्शियम देऊन पाहिलं (१९८५), तर हाडांची वाढच बिघडली. ताईंकडे नेमकं हेच चाललं होतं, शिवाय रात्री बकऱ्याच्या पायांचं सूप!

माझं मत तयार खाण्याच्या बाजूने, तेही मोजून. गुटगुटीत पिल्लाचं कौतुक आवरा. अमेरिकेत ४८ लॅब्रडॉरवर झालेल्या अभ्यासात ज्यांना पाव हिस्सा कमी खायला मिळालं, त्यांचे खुबे कमी बिघडले आणि ती सरासरी पावणेदोन वर्षं जास्त जगली. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत.

पाय आधीच वाकले असतील तर बाटली सुरू किंवा बंद करण्याआधी एक्स-रे काढा, ठाण्यातल्या व्हेटकडे नाहीतर परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात. घरात गुळगुळीत टाइल्स असतील तर जुन्या सतरंज्या अंथरा. आणि मनगटाच्या वर गरम सूज, ताप, खाणं बंद असं दिसलं तर खाण्याचा विचार नंतर. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.