१० मेगाहर्ट्झचा संदर्भ: जीपीएसडीओ की जुना रुबिडियम?

फ्रिक्वेन्सी काउंटरला (वारंवारता मोजणाऱ्या उपकरणाला) बाहेरून १० मेगाहर्ट्झचा अचूक संदर्भ सिग्नल द्यायचाय, आणि जीपीएसडीओ (जीपीएस उपग्रहांच्या वेळेला बांधलेला ऑसिलेटर) घ्यावा की जुना रुबिडियम (रुबिडियम अणूंच्या आधारे वारंवारता राखणारा ऑसिलेटर), इथेच घोडं अडलंय? विक्रेत्याने छापलेले अचूकतेचे शून्यांचे आकडे बाजूला ठेवा.

अचूकतेत जीपीएसडीओ पुढे. आतला ओव्हनवाला (स्थिर तापमानात ठेवलेला) क्रिस्टल उपग्रहाच्या सेकंदाच्या ठोक्याला बांधलेला असल्यामुळे दीर्घकालीन सरक उरतच नाही. रुबिडियमची वारंवारता मात्र वयानुसार हळूहळू सरकते. त्याचा सेकंदाचा ठोका जीपीएसच्या ठोक्याशी ताडून पाहा: २४ तासांत ८.६ मायक्रोसेकंद फरक पडला, तर चूक १० अब्जांत १ भाग. म्हणजे रुबिडियम तपासायलाही शेवटी जीपीएसच लागतो!

मेहनत? जीपीएसडीओची सगळी मदार अँटेनावर. खिडकीत ठेवलात तर भिंतींवरून परावर्तित झालेले सिग्नल ठोका डळमळीत करतात. गच्चीवर लावा, कनेक्टरवर पाणीरोधक टेप गुंडाळा. रुबिडियमला आकाश नको, पण तळाला जाड ॲल्युमिनियमचा हीटसिंक हवाच, नाहीतर तापून बिघडतो. शिवाय वापरलेल्या युनिटमधल्या रुबिडियमच्या दिव्याचं आयुष्य किती उरलंय, ते बाहेरून कळत नाही.

टेबलावर कायम चालू ठेवायचं असेल तर जीपीएसडीओ. तळघरात, किंवा उचलून नेऊन काही मिनिटांत लॉक (स्थिर झालेली वारंवारता) हवा असेल तर रुबिडियम.