दत्तक घ्यायचंय: पिल्लू की मोठा कुत्रा?

मुंबईत कुत्रा दत्तक घ्यायला येणारी बहुतेक माणसं पिल्लूच मागतात. लहानपणापासून वाढवलं तरच लळा लागतो, असा समज आहे. तो खरा नाही. घरातली सगळी सकाळची लोकल पकडून रात्री परतत असतील, तर मोठाच कुत्रा घ्या, असं मी ठामपणे सांगेन.

दोन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी शू लागते आणि दिवसातून तीन-चारदा खायला लागतं. लसी 6 ते 8 आठवड्यांपासून सुरू होतात आणि ठरावीक अंतराने साधारण 16 आठवड्यांपर्यंत चालतात. तोवर पार्व्हो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या संसर्गजन्य रोगांच्या भीतीने त्याला खाली रस्त्यावर सोडता येत नाही, म्हणजे सगळं घरातच. दात येताना चपला आणि चार्जरच्या वायरी जातात. रस्त्यावरच्या आईचं पिल्लू पुढे किती मोठं होईल, हेही नक्की सांगता येत नाही. दिवसभर घरी आजी-आजोबा किंवा दुसरं कुणी असेल, आणि त्यांचीही मनापासून तयारी असेल, तर पिल्लू जरूर घ्या. त्यांना न विचारता मात्र आणू नका.

मोठ्या कुत्र्याचा स्वभाव समोर दिसतो. मुलांशी, मांजरांशी कसा वागतो, एकटा राहतो का, फटाक्यांना किती घाबरतो, हे फॉस्टर, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत त्याला सांभाळणारा माणूस, सांगू शकतो. कानाला खाच असेल तर बहुधा नसबंदीही झालेली असते. पण रस्त्यावर वाढलेल्याला लिफ्ट, गुळगुळीत लादी, गळ्यातला पट्टा सगळंच नवं. सुरुवातीला तो कोपरा धरतो, जेवत नाही. रुळायला दोन-तीन महिने द्या. पहिले काही आठवडे पळून जाण्याचा धोका खरा असतो, म्हणून पट्ट्यासोबत हार्नेस, म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टाही घाला. आणि वस्तीत पोटभर जेवून सुखाने राहणाऱ्या कुत्र्याला उचलून फ्लॅटमध्ये कोंडू नका. घराची गरज आजारी, जखमी किंवा घरातून सोडून दिलेल्याला जास्त आहे.

कुणी आपला कुत्रा दुसऱ्या घरी देत असेल, तर तो का देताय, कधी चावला आहे का, हे स्पष्ट विचारा. लसीचं पुस्तक मागा. हस्कीसारखा जाड केसांचा असेल, तर मुंबईच्या दमट उकाड्याचा आणि एसीच्या बिलाचा विचार आधी करा. कोणताही मोठा कुत्रा घेतलात, तरी गोचीडतापासाठी रक्त तपासून घ्या. परळचं बैलघोडा हॉस्पिटल त्यासाठी जुनं ठिकाण आहे.

सोसायटीची धास्ती दोन्हींत सारखीच. बहुमताने ठराव करूनही कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, असं भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस मात्र तुमची जबाबदारी. भाड्याच्या घरात असाल, तर मालकाची परवानगी लेखी घ्या.

फोटो पाहून लगेच हो म्हणू नका. फॉस्टरकडे दोन वेगवेगळ्या वेळी जा, एकदा तरी घरातल्या सगळ्यांना घेऊन.