डुक्कर डिटेक्टिव्ह आणि उंदरांची आगगाडी – पुस्तक एक नंबर, प्रत मात्र बघून घ्या

प्राणी डिटेक्टिव्ह असलेली लहान मुलांची पुस्तकं हल्ली ढिगाने मिळतात, पण बऱ्याच पुस्तकांत त्या प्राण्याची शेपूट कापली तरी गोष्टीत काही म्हणजे काही फरक पडत नाही, आत माणूसच, वरून नुसता मुखवटा. जेरोनिमो स्टिल्टन नावाचा उंदीर भाचीला आवडतो, रंगीबेरंगी अक्षरं, एका बैठकीत पुस्तक खल्लास, माझी तक्रार नाही, पण तो पडला पेपरचा संपादक, ऑफिसला जातो, चीजचे जोक सोडले तर उंदीरपणा कुठेय त्यात?

म्हणून गणेश चवथीच्या सुट्टीत वाचून दाखवायला मुद्दाम जुनं पुस्तक मागवलं, वॉल्टर ब्रूक्सचं 'फ्रेडी द डिटेक्टिव्ह', 1932 चं. अमेरिकेतलं न्यूयॉर्क राज्य, तिथल्या मिस्टर बीनचं शेत, आणि तिथलं फ्रेडी नावाचं डुक्कर शेरलॉक होम्स वाचून डिटेक्टिव्ह होतं. डुक्कर म्हटल्यावर आमची आई हसायलाच लागली, जुन्या घरामागच्या संडासाची सफाई डुकरंच करायची, ते गोव्यातल्या माणसाला सांगायला नको!

पण केस काय भारी आहे बघा. एव्हरेट नावाच्या मुलाची खेळण्यातली आगगाडी चोरीला जाते. चोर उंदीर आहेत हे लवकरच कळतं, म्हणजे 'कोणी केलं' हा सस्पेन्स फार ताणलेला नाही, मजा पुढे आहे. उंदरांना कोठारातल्या धान्याच्या पेटीपर्यंत पोचायचंय आणि मधे जिंक्स नावाचा काळा बोका बसलेला, तर हे महाराज आगगाडीच्या आत शिरतात आणि गाडी सरकवत बिळापासून पेटीपर्यंत आणि भरलेल्या पोटाने परत! बोका झडप घालतो तर पंजा पत्र्यावर आपटतो. ही चोरी उंदरांनाच सुचणार, माणसाला धान्य चोरायला खेळण्यातली आगगाडी कशाला लागेल? बोका, उंदीर, धान्य, सगळं आपापल्या जागी आहे म्हणून ती केस उभी राहते. आमच्याकडे पोरांनी लगेच चपलेच्या खोक्याची गाडी करून आमच्या मांजरावर प्रयोग केला, मांजर खोक्यात जाऊन झोपलं, ते सोडा.

दुसरी धमाल तुरुंगाची. प्राणी गुन्हेगारांसाठी कोठारातच तुरुंग काढतात, चार्ल्स कोंबडा न्यायाधीश, पण आत काम नाही, दिवसभर खेळ आणि गप्पा, त्यामुळे जो तो मुद्दाम गुन्हा करून आत यायला बघतो आणि तुरुंग फुल्ल. इथे मी पोरांपेक्षा जास्त हसलो. मग जिंक्सवरच कावळा मारल्याचा आळ येतो आणि खटला चालतो, तो भाग जरा लांबलाय, साक्षी-पुरावे सुरू झाल्यावर धाकटा पेंगायला लागला. निकाल सांगत नाही.

खटकलं ते एवढंच की डुकराचं नाक काय चीज असते, जमिनीखालची ट्रफल नावाची महागडी आळंबी युरोपात डुकरांकडून हुंगून शोधून घ्यायचे, आणि हा फ्रेडी नाक सोडून पुस्तकातलं डोकं चालवत बसतो, वर बढाया. बरं झालं मिसेस विगिन्स ही गाय नंतर पार्टनर म्हणून येते, ती होम्स-बिम्स काही वाचत नाही, सरळ विचार करते आणि बरोबर मुद्द्यावर बोट, सॉरी, खूर ठेवते.

चित्रं कर्ट वीझेची, काळी-पांढरी, थोडीच पण झकास. इंग्रजी जुन्या वळणाचं आहे, मराठी मीडियमची चौथी-पाचवीतली मुलं एकटी वाचतील असं वाटत नाही, मोठ्याने वाचत मराठीत सांगत गेलात तर आठ वर्षांच्या पोरालाही जमतं. ऑनलाइन ज्याच्याकडून घेतली त्याने पाठवलेल्या प्रतीचा गम इतका कच्चा की खटल्याची पानं पहिल्याच वाचनात हातात आली, पावसाळी हवेत तर बोलायलाच नको, तेव्हा बाइंडिंगचा फोटो मागून घ्या आणि शक्यतो हार्डकव्हर बघा.

मालिकेत एकूण 26 पुस्तकं आहेत, हे तिसरं. पहिलं 1927 चं, त्यात प्राणी हिवाळ्याला कंटाळून फ्लोरिडाला जातात, प्रवासाची गोष्ट आहे, तपासबिपास हवा असेल तर डायरेक्ट याच्यापासून सुरू करा, मागचं न वाचता काही अडत नाही.