मरीन प्लाय सांगून भुसा विकला, फोल्डिंग बेड घेणाऱ्यांनी वाचा

रत्नागिरीत नाहीतर आसपास कुठे वन आरकेसाठी भिंतीला दुमडणारा बेड करून घेणार असाल तर पैसे देण्याआधी हे वाचा. दुकानाचं नाव टाकत नाही, तक्रार चालू आहे.

आमची रूम ओटा धरून जेमतेम २५० स्क्वेअर फूट, त्यात आम्ही दोघं, मुलगी आणि सासूबाई, म्हणजे सकाळी बेड उचलून भिंतीला लावला की त्याच जागेत मुलीचा अभ्यास आणि सासूबाईंचं निवडणं टिपणं, असा हिशोब. दुकानदार एकदम गोड. "वहिनी, इथली हवा मला माहितीय, मरीन प्लायशिवाय आपण हातच लावत नाही." शोरूममधल्या बेडवरचा शिक्का पण दाखवला, आयएसआय मार्क, आयएस ७१० (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा स्टँडर्ड नंबर), सगळं बरोबर. भाव ५२ हजार, निम्मे अ‍ॅडव्हान्स. मे महिन्यात बेड बसला आणि आमच्याही बेडच्या पाठच्या फळीवर तोच शिक्का, अगदी उघडल्या उघडल्या दिसेल असा. बाकी सगळीकडे सनमायका आणि कडांना पट्टी.

जुलैत खालची बाजू फुगली, मग सनमायका सुटायला लागला, आणि एका रात्री बेड खाली घेताना बिजागरीचे स्क्रू भोकासकट बाहेर आले. मुलगी तेव्हा ओट्यापाशी होती म्हणून वाचली, नाहीतर बसते तिथेच.

गावचे सुतारकाका आले, त्यांनी कडेची पट्टी उचकटली. प्लाय असता तर कडेला आडवे उभे थर दिसले असते, इथे नुसता दाबून चिकटवलेला भुसा, पार्टिकल बोर्ड. खरी प्लाय फक्त शिक्केवाली पाठची फळी! काकांनी एक तुकडा बादलीत टाकून ठेवला, सकाळी त्याचा उपमा झालेला. खरी ७१० प्लाय टेस्टला ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात, तरी थर सुटायचे नसतात. "अगो, ह्याच्यापेक्षा आंब्याची पेटी बरी," काका म्हणाले.

दुसरी भानगड भिंतीची. आमची भिंत जांभ्या चिऱ्याची, चिरा भोकाभोकाचा, त्यात साधी गिट्टी (स्क्रूसाठी भिंतीत ठोकतात ती) एवढं वजन धरत नाही, म्हणून बेडचा भार जमिनीवर टेकलेल्या लोखंडी फ्रेमवर घ्यायचं ठरलेलं आणि त्याचे वेगळे पैसे लावलेले. सनमायक्याची पट्टी काढली तर आत फ्रेमच नाही. प्लॅस्टिकच्या गिट्ट्या ठोकून मोकळे.

दुकानात गेलो तर म्हणे तुमच्या घरात ओल आहे, वॉरंटी कार्डावर ओलाव्याचं नुकसान वगळलंय बघा. अरे कोकणात बसून ओलाव्याशिवायची वॉरंटी देतोस, मग पावसाळ्यात बेड काय घाटावर नेऊन ठेवू? बिलावर नुसतं 'फोल्डिंग बेड १ नग'. बिलात प्लायचा ग्रेड, प्रत्येक फळीची जाडी, फ्रेम, हे सगळं लिहून घ्या, आणि सनमायका चिकटवायच्या आधी वर्कशॉपला जाऊन उघड्या फळ्यांचे फोटो काढा. प्रत्येक फळी कापल्यावर शिक्का राहीलच असं नाही, पण कडेचे थर लपत नाहीत. शिक्क्यातला सीएम/एल नंबर, म्हणजे कंपनीचा लायसन्स नंबर, आयएसआय मार्क देणाऱ्या बीआयएसच्या 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर टाकून बघता येतो, फुकट आहे.

आमच्या हातात एकच गोष्ट सापडली, त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं कोटेशन, त्यात 'फुल मरीन प्लाय ७१०' आणि 'आयर्न फ्रेम' त्याच्याच हाताने टाईप केलेलं. ते घेऊन १९१५ वर ग्राहक हेल्पलाईनला फोन केला, तक्रार नंबर मिळाला, आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी चालू आहे, ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला तिथे फी लागत नाही. परवा दुकानदाराचा फोन आला, वहिनी नवीन बेड बसवून देतो, तक्रार तेवढी मागे घ्या. बेड नको, पैसे परत दे म्हटलं तर फोन कट.