मुदत ठेवीच्या तारणावरचे क्रेडिट कार्ड : वर्षभराच्या वापरानंतर

मी गोव्यातल्या फोंड्यात शास्त्रीय गायनाचे वर्ग घेते. दरमहा येणारे शिकवणीचे पैसे आणि देवळांतल्या उत्सवांच्या काळात होणारे कार्यक्रम एवढेच माझे उत्पन्न असून ते दर महिन्याला सारखे नसते. पगाराची स्लिप नसलेल्या आणि आयुष्यात कधी कर्ज न घेतलेल्या माझ्यासारख्या माणसाला क्रेडिट कार्ड मिळवण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे मुदत ठेवीच्या तारणावर मिळणारे कार्ड, असे माझे मत वर्षभराच्या वापरानंतर पक्के झाले आहे. मात्र या कार्डाच्या काही अटी आधी नीट समजून घ्यायला हव्यात, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

ज्या बँकेत माझे बचत खाते कित्येक वर्षे आहे, तिथेच मी प्रथम साध्या कार्डासाठी अर्ज केला होता आणि तो नामंजूर झाला. अर्ज नाकारल्यास त्याचे कारण लेखी कळवणे रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बंधनकारक आहे, त्यामुळे मी ते मागून घेतले. पतविषयक पूर्वनोंद उपलब्ध नाही, असे त्यात म्हटले होते. सिबिल या पतविषयक नोंदी ठेवणाऱ्या संस्थेचा अहवाल काढल्यावर त्याचा अर्थ उलगडला. स्कोअर ३०० ते ९०० या दरम्यान असतो, पण माझ्या अहवालात आकड्याऐवजी ‘एनएच’ अशी नोंद होती, म्हणजे गुण द्यायला इतिहासच नव्हता. बचत खात्यातली शिल्लक, वेळेवर भरलेले घरभाडे, रोखीने घेतलेली स्कूटर यांपैकी काहीही या अहवालात येत नाही. तिथे मुख्यतः कर्जाची आणि कार्डांची परतफेड नोंदली जाते. आमच्याकडे कुणाचे देणे नसणे ही घराण्याची प्रतिष्ठा मानतात आणि ती मलाही प्रिय आहे. अहवालात मात्र तिच्यासाठी रकाना नाही.

त्यानंतर दुसऱ्या एका बँकेत मी ३०,००० रुपयांची मुदत ठेव ठेवली आणि तिच्यावर ९० टक्के, म्हणजे २७,००० रुपये मर्यादेचे रुपे कार्ड घेतले. उत्पन्नाचा पुरावा कोणी मागितला नाही. पॅन, आधार आणि ठेवीची पावती एवढ्यावर काम झाले. वार्षिक शुल्क नाही आणि ठेवीवरचे व्याज नेहमीप्रमाणे मिळत राहते. पॅन आणि आधार यांवरच्या नावांचे स्पेलिंग जुळते की नाही, हे मात्र अर्जापूर्वी तपासावे. गोव्यात एकाच आडनावाची रोमी लिपीतली दोन-तीन रूपे एकाच घरात सापडतात आणि त्यापायी अर्ज अडकून पडल्याचे मी ओळखीच्यांकडे पाहिले आहे.

ठेवीवर बँक आपला हक्क नोंदवते, ज्याला बँकेत ‘लिएन’ म्हणतात. कार्ड चालू असेपर्यंत ती ठेव मोडता येत नाही, म्हणून घरातल्या आजारपणासाठी राखून ठेवलेले पैसे यात अडकवू नयेत, असे मी कळकळीने सांगेन. बिल थकल्यास बँक ठेवीतून वसुली करू शकते. तरीही उशिराची नोंद अहवालात जायची ती जातेच. ठेव आहे म्हणून बिल थकले तरी चालेल, ही समजूत फार महागात पडू शकते.

माझ्या मते सगळ्यात अधिक लक्ष द्यायला हवे ते बिल भरण्याच्या पद्धतीकडे. खात्यातून बिल आपोआप वळते करण्याच्या अर्जात ‘पूर्ण रक्कम’ आणि ‘किमान रक्कम’ असे दोन पर्याय होते आणि माझ्या अर्जावर किमान रकमेची खूण आधीच केलेली होती. मी ती बदलून घेतली. हे प्रत्येक अर्जदाराला समजावून सांगणे बँकेचे कर्तव्य आहे आणि ते केले जात नाही, याचा मला खरोखर राग येतो. फक्त किमान रक्कम भरली, की उरलेल्या बाकीवर व्याज चढते. महिन्याला साडेतीन टक्के दर धरला, तर दहा हजारांच्या बाकीवर ३५० रुपये व्याज लागते आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटीचे ६३ रुपये वेगळे. वर्षाचा दर ४२ टक्के होतो, आणि त्याच बँकेतली आपली ठेव त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकेही व्याज देत नाही. शिवाय मागची बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही संपते आणि किराण्याच्या सामानावरसुद्धा खरेदीच्या दिवसापासून व्याज चढू लागते. एटीएममधून या कार्डावर रोख काढली, तर शुल्क आणि व्याज दोन्ही पहिल्या दिवसापासून लागतात. तो मार्ग मी पूर्णपणे वर्ज्य मानला आहे.

रोजच्या वापरात विजेचे बिल, मोबाइलचा रिचार्ज आणि पेट्रोल एवढेच मी कार्डावर ठेवले. रुपे कार्ड यूपीआयला जोडता येत असल्याने फोंड्याच्या बाजारातल्या दुकानांत क्यूआर कोडवरही ते चालते. मात्र कोड व्यापारी खात्याचा असावा लागतो. भाजीवाल्या बाईंनी स्वतःच्या वैयक्तिक खात्याचा कोड लावला असेल, तर पैसे जात नाहीत, आणि तो दोष ना त्यांचा ना कार्डाचा.

मर्यादेच्या सुमारे ३० टक्क्यांच्या आत खर्च ठेवावा, असे जाणकार सांगतात. २७,००० रुपयांच्या मर्यादेत ते ८,१०० रुपये होतात, आणि एवढीशी रक्कम चटकन ओलांडली जाते. हार्मोनियमच्या दुरुस्तीच्या महिन्यात खर्च बराच वर गेला, तेव्हा बिल तयार होण्याच्या तारखेआधीच मी मोठा हिस्सा भरून टाकला. अहवालात साधारणपणे बिलाच्या तारखेची बाकी कळवली जाते, त्यामुळे छोट्या मर्यादेच्या कार्डाला ही सवय फार उपयोगी आहे.

स्कोअर दिसू लागायला सुमारे सहा महिने गेले. पहिला आकडा साडेसातशेच्या किंचित खाली होता, तो आता थोडा वर सरकला आहे. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो, तेव्हा त्यासाठी पैसे मागणाऱ्या ॲपची गरज नाही. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती किमान दर पंधरवड्याला कळवावी लागते, त्यामुळे भरलेल्या बिलाची नोंद पूर्वीपेक्षा लवकर दिसते. या काळात मी दुसरीकडे कुठेही अर्ज केला नाही, कारण प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात नोंदली जाते आणि नव्या खातेदाराच्या बाबतीत अशा चौकशांची गर्दी बरी दिसत नाही.

अलीकडे त्याच बँकेने ठेवीशिवाय मिळणारे कार्ड देऊ केले आहे. ते घेतले, तरी हे जुने कार्ड मी चालूच ठेवणार आहे, कारण माझ्या अहवालातले सर्वांत जुने खाते हेच आहे आणि त्यासाठी वर्षाला काही शुल्कही पडत नाही. ज्यांना ठेव मोकळी करून हवी असेल, त्यांनी सर्व बाकी भरून कार्ड बंद करण्याचा लेखी अर्ज द्यावा. सात कामकाजी दिवसांत ते बंद झाले नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने ग्राहकाला द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. अर्जाची पोच मात्र तारखेसह घ्यावी.